नाजिशचं मशीन आणि मंजुळाबाईचा गुडघा

डोणगावच्या बाजारात सुगराबीकडे बांगड्या भरायला बसलेल्या बाईची नाजिशची खुशाली ऐकल्याशिवाय सुटका नसे. नाजिश ही तिची थोरली लेक, पुण्याच्या एका संस्थेत पीएचडी करणारी. ती नेमकं काय करते हे सुगराबीने फोनवर कितीदा तरी विचारलं होतं. डोक्यात राहिलं ते एवढंच : मोठं चुंबक, मशीन, आणि जगात भारी कॉम्प्युटर.

चुंबकाचं मशीन म्हटल्यावर बाजाराने परस्पर ठरवून टाकलं, एमआरआय! मग कुणी पाठीचे फोटो घेऊन येऊ लागलं, कुणी मानेचे. लेकीचा मान वाढतोय म्हटल्यावर सुगराबीलाही कुणाला खोडून काढवेना. शेवटी शेजारची मंजुळाबाई गुडघा चोळत समोर येऊन बसली. "सुगरा, तुही पोरगी असताना मी दुसरीकडं कायले जाऊ? ने मले पुण्याले."

दोघी पुण्यात पोचल्या आणि पाहुणी कशासाठी आलीय हे कळल्यावर नाजिशने कपाळाला हात लावला. "अम्मी, ते माणसाच्या तपासणीचं मशीन नाही!" पण आता आल्याच आहेत तर दाखवणं भाग होतं. किल्ल्या, मोबाइल, मंजुळाबाईचा लाडवांचा डबा, सगळं दाराशी ठेवून तिघी आत गेल्या. समोर दुधाच्या टाकीसारखं उंच मशीन उभं. नाजिशने बोटाहून बारीक काचेची नळी दाखवली. "ही वरून आत सोडायची."

मंजुळाबाईने नळीकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. "एवढ्याशा भोकात माहा गुडघा कसा जाईन वं?"

"गुडघा नाही, मावशी. नळीत क्लोरोफॉर्म हाय. त्यातल्या हायड्रोजन नि कार्बनच्या अणूंची केंद्रं म्हणजे इवले इवले चुंबक. रेडिओच्या लहरींनी त्यायले वळवायचं अन् त्यायच्याकडून हिशोब करून घ्यायचा. हाच आमचा कॉम्प्युटर."

"मंग किती भारी हाय?" सुगराबीने कौतुकाने विचारलं.

"दोन क्यूबिटचा. क्यूबिट म्हणजे हिशोब करणारा एकेक इवला चुंबक."

"दोन हजार?"

"दोनच, अम्मी."

सुगराबीचा चेहरा उतरला. हा कॉम्प्युटर अख्खा जिल्हा चालवेल, असं ती पिठाच्या गिरणीवाल्या अकीलला छातीठोक सांगून आली होती.

अम्मीचं तोंड पाहून नाजिशने प्रयोगशाळेत सोबत काम करणाऱ्या जयमालाला हाक मारली. चार खोकी आहेत असं समजायचं, एकात बांगडी. सुगराबीने जयमालाच्या कानात सांगितलं, "तिसरं." जयमालाने लहरी तशा लावल्या. नाजिश पाठ करून उभी होती. पडद्यावर दोन शेंडे उमटले, एक वर, एक खाली; वर-खालीच्या चार जोड्या, प्रत्येक खोक्याची एक. वळून ते पाहताच नाजिश म्हणाली, "तिसरं! साधा कॉम्प्युटर एकेक खोकं उघडत बसला असता. यानं एकाच खेपेत काढलं."

"पुन्हा कर," सुगराबी म्हणाली. पुन्हा बरोबर. मग तिने खुर्चीच ओढून घेतली. मंजुळाबाईने मुद्दाम "पाचवं" असं सांगितलं, तेव्हा मात्र जयमालाने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नाजिशने मंजुळाबाईला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने व्यायाम सांगितला आणि लाडू बंद केले.

गावी परतल्यावर सुगराबीने खरं काय ते बाजारात सांगून टाकलं. क्यूबिट दोनच हायेत, पण चारातलं एका खेपेत सापडते. ऐकून अकील धावतच आला. "सुगराआपा, माही बकरी कालपासून गायब हाय. विचारा ना पोरीले!"

सुगराबी गंभीरपणे म्हणाली, "चारच जागा सांग. पाचवी सांगशील तर फोन लावणार नाही."