बालांचा डॉक्टर

हजराबीला मराठी वाचता यायचं, पण अक्षराला अक्षर जोडत. शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दू शाळेत. मराठी तिने एसटीच्या पाट्यांवरून उचललं होतं. दिग्रस, दारव्हा, यवतमाळ वाचता आलं की भागायचं. नवरा निजामुद्दीन गावोगाव फिरून गाद्या भरायचा, त्यामुळे बाजार, दवाखाना सगळं हिच्याच अंगावर.

कशफ तापली तेव्हा तो पुसदकडे होता. दोन वर्षांची पोर. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. हजराबी तिला घेऊन दिग्रसच्या स्टँडवर उतरली आणि पानठेल्यावाल्याला विचारलं, "भाऊ, लहान पोरायचा डॉक्टर कुठी बसते?"

"एक मॅडम होत्या, त्या गेल्या यवतमाळले. तुमी बी तिकडंच न्या, बाई."

गाडीला वेळ होता. उन्हातून ती समोरच्या नव्या दवाखान्याच्या पायरीवर टेकली. वरची पाटी तिने जुळवून वाचली. बा, ल, रो, ग. बाल! घरात ती हिंदीत बोलायची, भांडायची, रडायचीही हिंदीत. तिथे बाल म्हणजे केस.

"देख कशफ," ती पोरीच्या कानाशी म्हणाली, "बालों का भी डॉक्टर आ गया. टकलों की तो ईद हो गई!"

आतली बाकं रिकामी होती. कंपाउंडर डोकावला. "दाखवाचं हाय का?"

"नाही भाऊ, गाडीची वाट पाहून राह्यली."

यवतमाळच्या वाटेवर बोरी अरब गाव मागे पडलं आणि पोर तिच्या हातातच थंड झाली.

त्यानंतर जो भेटायला येई त्याला निजामुद्दीन सांगे, "एवढं मोठं दिग्रस. कापसाच्या जिनिंगा हायेत, बाजार हाय. बच्चों का एक डॉक्टर नाही!" हजराबी पदराआड मान हलवायची. त्या बोलण्याचा तिलाही आधार होता.

पुढे जीशान झाला. त्याला लसीची सुई टोचून घ्यायला ती अंगणवाडीत गेली, तेव्हा तिथली दीपाताई सगळ्यांना सांगत होती, "ताप येईन, घाबराचं नाही. लयच वाटलं तर दिग्रसच्या बालरोगवाल्याकडं न्या."

"तापासाठी केसायच्या डॉक्टरकडं कायले न्याचं, दीपाताई?"

बाया फसकन हसल्या. दीपाताईने कपाळाला हात लावला. "अवो भाभी, बाल म्हंजे लेकरू! केस तुमच्या हिंदीत. स्टँडसमोरचा दवाखाना नाही का, दोन वर्षं झाली."

सगळ्यांबरोबर हजराबीही हसली. हसता हसता तिने जीशानला इतकं आवळलं की तो रडायला लागला.

घरी ती काही बोलली नाही. कसं बोलणार होती?

मग एका सकाळी शेजारचा अतुल धावत आला. मागे त्याची बायको, छातीशी धापा टाकणारं लेकरू.

"चाचा, फटफटी द्या. दिग्रसले नेतो."

निजामुद्दीनने किल्ली काढून दिली. "दिग्रसात थांबू नको, बेटा. वहाँ बच्चों का डॉक्टर नहीं. सीधा यवतमाळ. आमची कशफ..."

"हाय," हजराबी दारातून म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"दिग्रसातच हाय. स्टँडसमोर, पाटीवर बालरोग लिहिलं हाय. यवतमाळपर्यंत नको नेऊ, अतुल."

"पक्कं ना, चाची?"

"पक्कं. जा लवकर!"

फटफटीचा आवाज लांब गेला. निजामुद्दीन तसाच उभा होता.

"कब से है?"

ती कडेवरच्या जीशानला थोपटत राहिली.

"तब था?"

"था," ती म्हणाली. "मैं समझी, बालों का है."

तो कापसाच्या ढिगाऱ्यावर बसला. ती वाट पाहत राहिली, की तो ओरडेल, हात उगारेल, काहीतरी करेल. त्याने फक्त जीशानला मागून घेतलं आणि मांडीवर धरून बसला.

अतुलचं लेकरू वाचलं. पण त्यानंतर कोणी कशफचं विचारलं की निजामुद्दीन एवढंच म्हणायचा, "बुखार था." दिग्रसला तो पुन्हा कधी बोल लावताना दिसला नाही. हजराबीला वाटायचं, लावावा.