बाईंनी गप्प बसवलेली कुत्री

नागपूरला महालातल्या एका शाळेत उत्तरा पांढरीपांडेने चौदा वर्षं सातवी ‘ब’ सांभाळली आणि त्या चौदा वर्षांत एकदाही आवाज चढवला नाही. बासष्ट पोरांचा वर्ग. शेजारच्या वर्गातले सर टेबलावर डस्टर आपटून, ओरडून घसा बसवून घ्यायचे, आणि ही बाई नुसती दारात उभी राहायची. काही बोलायचं नाही, रागवायचं नाही, फक्त वाट बघायची. मिनिटभरात मागच्या बाकापर्यंत चिडीचूप. शाळेत पाहुणे आले की हेडमास्तर मुद्दाम तो वर्ग दाखवायला आणत. उत्तराला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? आम्हाला घरातली दोन पोरं गप्प बसवता येत नाहीत.

दोन हजार तीन साली नवरा श्रीरंग अमेरिकेत रेडमंडला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेला आणि त्याच्या व्हिसाला लटकून ही आणि लेक रुही. अशा लटकून आलेल्या बायकोने नोकरी करायची नाही, असा तिथला कायदा. म्हणजे चौदा वर्षांची विद्या गेली बासनात. श्रीरंग सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. तेरा वर्षांची रुही खोलीचं दार लावून आतून इंग्रजीत उत्तरं द्यायची. बाहेर पाऊस, आत हीटरची घरघर. गप्प बसवायला कुणी उरलंच नव्हतं, सगळे आधीच गप्प.

नाही म्हणायला शेजारची कुत्री होती. ती पोस्टमनवर भुंकायची, शाळेच्या बसवर भुंकायची, वाऱ्याने पान हललं तरी भुंकायची. दीड वर्ष सहन करून एके दिवशी उत्तरा तक्रार करायला गेली. दार एका सत्तरी उलटलेल्या उंच म्हाताऱ्याने उघडलं, त्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, आणि त्याच्या स्वेटरच्या बाहीतून एक तोंड बाहेर आलं. गुलाबी नाक, मिशा, लुकलुकते डोळे.

‘‘अगंबाई! मुंगूस!’’ उत्तरा इतक्या जोरात किंचाळली की आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

मुंगूस नव्हतं ते. फेरेट होतं, मुंगसासारखंच लांबोळकं पाळीव जनावर. पण मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो असं आजोळी ऐकत वाढलेली बाई तक्रार विसरली आणि आत जाऊन चहा पिऊन आली.

म्हाताऱ्याचं नाव वॉल्टर पिकेट. जन्म इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा, उभी हयात इथल्या विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेली, बायको वारलेली, एकुलती मुलगी कॅरोल स्पोकेनला, म्हणजे गाडीने साडेचार तासांवर. लहानपणी वडिलांकडून शिकलेला एक उद्योग त्यांनी सोडला नव्हता: फेरेट घेऊन ससे धरणं. गावाबाहेरच्या ब्लूबेरीच्या मळ्यात सशांनी धुमाकूळ घातला होता. तिकडचे रानससे स्वतः बिळं खणत नाहीत. हे होते लोकांनी हौसेने आणून कंटाळून सोडून दिलेले पाळीव ससे आणि त्यांची पिलावळ. मळेवाल्याने वॉल्टरकाकांना मोकळीक दिली होती. बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचं, की ससा बाहेर पळतो तो थेट जाळीत.

‘‘पण बाहेर जरा आवाज झाला तर ससा बाहेर येत नाही,’’ वॉल्टरकाका म्हणाले. ‘‘आत फेरेट, बाहेर कुत्रा. तो म्हणतो, आतच बरं. मग आमचं सगळं बसतं बोंबलत. कुत्र्याने फक्त दाखवायचं कुठल्या बिळात ससा आहे. आणि गप्प उभं राहायचं. ही फ्लॉस तर लग्नाच्या बँडसारखी वाजते.’’

फ्लॉस म्हणे! दातात घालायच्या दोऱ्याचं नाव. टेबलाखालून ती तपकिरी, एका कानाची टेरियर जातीची कुत्री उत्तराकडे बघून भुंकत होती. उत्तरा उठली, तिच्यासमोर उभी राहिली आणि वाट बघू लागली. सातवी ‘ब’ मध्ये राहायची तशी. दोन मिनिटं लागली. फ्लॉसने तोंड मिटलं, मान तिरकी केली. वॉल्टरकाकांच्या हातातला कप तसाच राहिला.

‘‘टीचर,’’ ते म्हणाले, ‘‘तुला काही काम आहे का?’’

हा प्रश्न तिला दीड वर्षात कुणी विचारला नव्हता. घरी येऊन तिने श्रीरंगला सांगितलं तर तो हसून हसून लोळायचा बाकी होता. ‘‘अगं, ससे मारायला मदत करणार तू?’’

‘‘त्यात काय? माझे बाबा सशाचं कालवण करायचे, बोटं चाटत खायचो आम्ही. मी कुत्रीला शिकवणार आहे, बस.’’

आणि तिने शिकवलं. आधी फेरेटशी ओळख. एकाच वाडग्यात दूध, एका बाजूने फेरेट, दुसऱ्या बाजूने फ्लॉस, दोर उत्तराच्या हातात. फेरेट कुत्रीच्या पायांवरून, पाठीवरून फिरायचं आणि कुत्रीने हूं की चूं करायचं नाही. मग परसात मातीत पाइप पुरून खोटं बीळ. फ्लॉसने आवाज काढला की सगळं बंद. उत्तरा पाठ फिरवून उभी. गप्प झाली की तूप लावलेल्या पोळीचा तुकडा. मग मळ्यातलं खरं बीळ. आत ससा असला की फ्लॉस पुढचा एक पाय उचलून, मान तिरकी करून थिजायची. सुटका एकाच खुणेने: मानेवर दोन बोटं टेकवली की. ती बोटं टेकेपर्यंत हलायचं नाही, आवाज करायचा नाही, काही होवो.

या सगळ्यात एक गोष्ट घडली होती. ती उत्तराने तेव्हा कुणाला सांगितली नाही, म्हणून इथे सांगायला हवी. पहिल्या ख्रिसमसला कॅरोल आली होती. कुंपणापाशी उभं राहून तिने उत्तराचे आभार मानले आणि म्हणाली, ‘‘डॅडचं बीपी फार वर जातं. एकटे राहतात. ही कुत्री भुंकते ना, म्हणून मला जरा धीर असतो. काही झालं तर निदान कुणाला कळेल. तिला फार शहाणी करू नका, प्लीज.’’

‘‘ऑफ कोर्स,’’ उत्तरा म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोळीचे तुकडे घेऊन ती पुन्हा परसात हजर. अर्धवट गप्प वर्ग तिने आयुष्यात सोडला नव्हता.

वर्षभरात फ्लॉस घरीसुद्धा भुंकेनाशी झाली. पोस्टमन आला तरी नाही, बेल वाजली तरी नाही. गल्लीतल्या लोकांनी उत्तराला केक आणून दिला. वॉल्टरकाका मळेवाल्याला सांगत, ‘‘असा कुत्रा माझ्या बापाकडेही नव्हता.’’ ती आता दर मंगळवारी त्यांच्याबरोबर मळ्यात जायची आणि परत येताना गाडीत दोघं पोटभर बोलायची, कारण तिथे तीन तास एक शब्द काढायचा नसे. उत्तरा पुन्हा बाई झाली होती.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मात्र ती गेली नाही. महाराष्ट्र मंडळाची दिवाळी, नेहमीप्रमाणे दिवाळी होऊन महिनाभराने, येत्या शनिवारी होती आणि हिच्याकडे दोनशे चकल्या होत्या. वॉल्टरकाकांनी कुंपणावरून हात केला, ‘‘बाराला परत येतो,’’ म्हणाले. फ्लॉस पुढच्या सीटवर ताठ बसली होती. फेरेट नेहमीसारखं बाहीत.

एक वाजला. त्यांची गाडी आली नव्हती. उत्तराने फोन केला, वाजून वाजून बंद झाला. तिने श्रीरंगला ऑफिसात फोन लावला.

‘‘अगं, फोन गाडीत राहिला असेल. उगाच टेन्शन घेऊ नकोस.’’

‘‘नाही हो. त्यांची बीपीची गोळी जेवणानंतर असते. ते चुकवत नाहीत.’’

तिने तेलाची कढई गॅसवरून उतरवली आणि गाडी काढली. मळ्याच्या फाटकाशी वॉल्टरकाकांची गाडी उभी होती. फोन सीटवर, जेवणाचा डबा न उघडलेला. पाऊस बारीक पडत होता.

मळ्याचा मुकादम आला, चार गडी आले, थोड्या वेळाने शेरीफच्या ऑफिसातला एक तरणा पोलिसही आला. सगळे पांगून हाका मारू लागले. ‘‘वॉल्टर! फ्लॉस!’’ उत्तराही ओरडत होती. चौदा वर्षांत न चढवलेला आवाज तिने त्या तासाभरात फाडून टाकला. कुठून काही उत्तर नाही. काटेरी ब्लॅकबेरीची जाळी डोक्याइतकी उंच माजलेली, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं.

तीनच्या सुमाराला पोलिसाने सगळ्यांना गोळा केलं. ‘‘इथे ते नाहीत,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांच्याबरोबर कुत्रा आहे. आपण एवढ्या हाका मारल्या, कुत्रा जवळपास असता तर भुंकला असता. ते चालत नदीकडे गेले असणार. तिकडे चला.’’

सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. माणसं वळून नदीच्या दिशेने निघालीसुद्धा.

उत्तराचे पाय जमिनीला खिळले. तिला कुंपणापाशी उभी असलेली कॅरोल दिसली, तिचा लाल मफलर दिसला, आणि आपण हसून म्हटलेलं ‘ऑफ कोर्स’ ऐकू आलं. कुत्री भुंकणार नव्हती. मेली तरी भुंकणार नव्हती. हे शोधणाऱ्यांत एकाच माणसाला ठाऊक होतं.

‘‘थांबा!’’ तिने घोगऱ्या आवाजात सांगितलं. ‘‘ती भुंकत नाही. मी तिला शिकवलंय न भुंकायला. ते इथेच असतील. हाका मारू नका. कुणी बोलू नका. एक पाय उचलून उभी असलेली कुत्री शोधा.’’

माणसं मागे फिरली आणि तोंडं मिटून, काटे बाजूला सारत, एकेक जाळी बघू लागली. पावणेचारला, उजेड उतरत असताना, उत्तरालाच ती दिसली. बांधापलीकडे, पाण्याच्या चराच्या काठावर, फ्लॉस उभी होती. पुढचा उजवा पाय उचललेला, मान तिरकी, नजर खाली चरात. अंगावरून पाणी निथळत होतं आणि सगळं अंग लटलट कापत होतं, पण पाय खाली नव्हता. उत्तरा जवळ येताना तिने वळूनही पाहिलं नाही. या जागेपासून वीस पावलांवरून माणसं हाका मारत दोनदा गेली होती.

चरात वॉल्टरकाका पडले होते. अर्धं तोंड ओघळलेलं, एक डोळा उघडा. तो डोळा उत्तराकडे वळला. जिवंत होते. बाहीत फेरेट त्यांच्या अंगाची ऊब धरून झोपलं होतं.

माणसं खाली उतरली, कुणी कोट काढून त्यांच्यावर घातला, कुणी अँब्युलन्सला फोन केला. उत्तराने फ्लॉसच्या मानेवर दोन बोटं टेकवली. तेव्हा कुठे तिने पाय खाली ठेवला, आणि ती तिथेच कोसळली.

डॉक्टर तरुण होती आणि स्पष्ट बोलणारी होती. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. पहिल्या तीन तासांत आणलं असतं तर देता येण्यासारखं औषध होतं. ते पडले होते दहाच्या आसपास. म्हणजे लोकांनी शोधायला सुरुवात केली तेव्हाच ती वेळ टळून गेली होती, आणि तरीही उत्तरा पुन्हा पुन्हा बोटांवर तास मोजत बसली. सकाळी पलीकडच्या रस्त्यावरून गडी ट्रॅक्टर घेऊन गेले होते. कुत्री भुंकली असती तर दहालाच कुणी थांबलं असतं. हा हिशेब कुणी तिला विचारला नव्हता. तो तिचा तीच करत होती.

त्याच रात्री कॅरोल आली आणि हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये तिने उत्तराला मिठीच मारली. ‘‘तू शोधलंस त्यांना. आणि ती कुत्री! सहा तास सोबत उभी राहिली, किती गुणाची!’’

तिला कुंपणापाशी बोललेलं आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचं, जाता जाता म्हटलेलं एक वाक्य. उत्तरा गप्प बसली असती तर ते कायमचं मातीआड झालं असतं, आणि गप्प बसणं तिच्याइतकं कुणाला जमत होतं? पण तिने सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला, ‘ऑफ कोर्स’सकट. कॅरोलने तिच्या दंडावरचे हात हळूच काढून घेतले. ‘‘मी जरा डॅडकडे बघते,’’ म्हणाली आणि आत गेली.

‘‘अगं, मुद्दाम करतं का कुणी?’’ श्रीरंग गाडीत म्हणाला.

‘‘मुद्दामच केलं मी,’’ उत्तरा म्हणाली. ‘‘तिने नको म्हटलं होतं. मला वर्ग पूर्ण गप्प हवा होता.’’

जानेवारीत वॉल्टरकाकांना स्पोकेनच्या एका वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी उत्तरा भेटायला गेली. उजवा हात मांडीवर निर्जीव, आणि जीभ जडावलेली. कॅरोल खिडकीपाशी पाठ करून सामान भरत होती. वॉल्टरकाकांनी डाव्या हाताने उत्तराला जवळ बोलावलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायला त्यांना फार वेळ लागला.

‘‘टीचर,’’ ते म्हणाले. ‘‘मी... ऐकत होतो. सगळ्या हाका. तिने...’’ त्यांचा अर्धा चेहरा हसत होता, चक्क अभिमानाने. ‘‘एक... आवाज... नाही काढला.’’

खिडकीपाशी सामान भरणारे हात थांबले. त्या न भुंकण्याबद्दल जगात एकाच माणसाने उत्तराला शाबासकी दिली होती, आणि ती याच माणसाने द्यावी, हे तिला सोसवेना. तिने त्यांचा हात धरला.

फेरेट मळ्याच्या मुकादमाने नेलं. वृद्धाश्रमात कुत्रा चालत नव्हता, म्हणून फ्लॉस उत्तराकडे आली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी रुही शाळेला निघाली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला परसात आई दिसली. ओल्या गवतात, इथे आल्यापासून साडी सोडून घातलेल्या त्या कायमच्या ट्रॅकपँटमध्ये, गुडघ्यांवर. आणि आई भुंकत होती. मोठ्याने, घसा ताणून, पुन्हा पुन्हा. हातात पोळीचा तुकडा होता.

‘‘मॉम?’’ रुहीने दार उघडून विचारलं. ‘‘आर यू ओके?’’

‘‘शिकवतेय तिला,’’ उत्तरा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. ‘‘भुंक ग. भुंक ना.’’ आणि ती परत भुंकली.

फ्लॉसने मान तिरकी केली. उत्तराकडे नीट रोखून पाहिलं. मग पुढचा उजवा पाय उचलला आणि ती थिजली.

बस येऊन गेली, रुही दारातच उभी राहिली. बऱ्याच वेळाने उत्तराने हात पुढे केला आणि फ्लॉसच्या मानेवर दोन बोटं टेकवली.