एकवीस कोरण्यांचं घर

मामांच्या बोटाचं रक्त आधी मामीला दिसलं. दाराच्या कडीवर, दिव्याच्या बटणावर, नुकत्याच घडी घातलेल्या चादरीवर, आणि त्या मागावरून जाता जाता शेवटी खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या मामांच्या हातावर.

"अहो, कुठे कापून घेतलंत?"

"कोण, मी?" मामांनी हात उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

साखरेनं त्यांची बोटं बधिर झाली होती. चाळीस वर्षं त्या बोटांनी लाकडावर वेली, पानं, पाखरं कोरली होती. फर्निचरच्या दुकानात यंत्र आलं तेव्हा मालकानं त्यांना हार घातला आणि घरी पाठवलं. सोबत आल्या त्या एकवीस कोरण्या, जाड कापडात गुंडाळलेल्या. त्या गुंडाळीत हात घालताना डाव्या हाताचं पहिलं बोट चिरलं. जखम चिघळली. डॉक्टरांनी दोन पेरं काढली आणि म्हणाले, "आजोबा, पुढच्या वेळी मनगट."

"भंगारात द्या सगळं," ताई फोनवरून म्हणाली. लेक बापावर गेलेली, एक घाव दोन तुकडे.

मामीलाही तेच हवं होतं. पण मामा म्हणाले, "मी त्यांना घर करतो. चष्म्याला असतं तसं. आंधळ्यानं हात घातला तरी लागणार नाही असं. ते जमलं नाही तर खुशाल द्या टाकून."

मामी कबूल झाली, पण तिला धीर नव्हता. मामा पट्टी बदलायला दवाखान्यात गेले होते त्या सकाळी सायकलवर धारेचं चाक बसवलेला धारवाला गल्लीत आला. मामीनं गुंडाळी त्याच्यापुढे उलगडली.

"धार लावायची?"

"काढून टाकायची."

धारवाला हसला. मग त्याला कळलं, बाई थट्टा करत नाही. एक कोरणी उचलून त्यानं उजेडात धरली. "ही कुणी लावलीय? असली धार मलाही लावता येत नाही. बाई, मी लावतो, काढत नाही."

"मग तुम्ही नुसते पायडल मारा," मामी म्हणाली. पदर खोचून तिनं एकेक कोरणी स्वतः चाकावर आडवी धरली. तो पायडल मारत राहिला आणि तोंड दुसरीकडे करून बसला.

दुपारी मामा परतले. कोरण्या पुसून टेबलावर मांडल्या. बराच वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "फूटपट्टी कुठाय? मापं घ्यायचीत."

मामीनं सुटकेचा श्वास सोडला. बोटांना धार कळत नव्हती, आता यांना कळणार कशी?

पहिलं घर बुचांचं झालं. प्रत्येक कोरणीच्या टोकाला एक बूच. "टोपरी घातलीत होय? सर्दी होते वाटतं त्यांना," मामी म्हणाली. मामा हसले, पण बुचं त्यांनीच फेकली. त्यांच्या हातानं निघेनात. दुसरं घर म्हणजे सागाच्या ठोकळ्यात एकवीस भोकं, पाती खाली, मुठी वर. मुठी सगळ्या सारख्या. कोणती कोरणी कोणती हे फक्त पात्याच्या वळणावरून ओळखायचं, आणि पाती तर आत बुडालेली. मुठींवर खुणा करून पाहिल्या. "नाव विचारून माणूस ओळखायचा का?" म्हणत त्याही घासून टाकल्या.

प्रत्येक घराची परीक्षा असे. मामीचा भांडी घासायचा रबरी हातमोजा कापसानं भरून मामा तो कोरण्यांवरून, मधून, खालून फिरवत. मोज्यावर ओरखडाही उठत नसे. मामी मान खाली घालून भाजी निवडत असे.

"वाचला, पण नशिबानं," मामा म्हणत. "हे काही खरं नाही. पुन्हा करतो."

मामी रोज विचारी, "कुठवर आलं?" ते रोज सांगत. बोटांनी पकड धरवत नव्हती म्हणून एकेक खाच दोन-दोन दिवस चाले.

आठ महिन्यांनी तिसरं घर झालं. भिंतीवर टांगायची चौकट, पुढे पारदर्शक प्लास्टिकची फळी. पाती फळीमागे दिसत, प्रत्येक पात्याखाली त्याच्याच वळणाची खाच, टोक कुठेही न टेकणारं. कोरणी निघायची ती मुठीकडून, बाजूनं. ताई पाहायला आली आणि बापाचे हात हातात घेऊन रडली. जावई म्हणाला, "प्रदर्शनात ठेवा!"

"बाबा, आता काहीतरी कोरा ना," ताई म्हणाली. "माझ्यासाठी एक पान."

मामीनं अर्धे भरलेले कपच गोळा करायला घेतले.

"बघू. उद्या," मामा म्हणाले.

उद्या गेला, आठवडा गेला. मामा रोज फळी पुसत. एकही कोरणी बाहेर आली नाही. दहाव्या दिवशी मामीला राहवेना. हातातलं शिवण तसंच धरून ती उभी राहिली. "अहो, मी एक पाप केलंय."

"ठाऊक आहे," मामा पुसतच म्हणाले. "त्याच दुपारी दिसलं. चांगल्या धारेवर उजेड ठरत नाही. यांच्यावर पांढरी रेघ आली होती. एकवीसच्या एकवीस."

"मग आठ महिने बोलला नाहीत? हे घर कशाला केलंत?"

"तू रोज विचारायचीस ना, कुठवर आलं म्हणून."

मामी खाली बसली. "धारवाला येतो मंगळवारी. नाहीतर तुम्हीच लावा. दगड आणून देते."

मामा तिच्याशेजारी बसले. उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "सुई आहे ना हातात? टोच."

"काहीतरीच काय!"

"टोच गं. दगडाचं मग बघू."

मामीनं अंगठ्याला सुई टेकवली. मग मधल्या बोटाला, जरा जोरात. मग तळव्याला, रक्ताचा थेंब येईपर्यंत.

"टोचलंस?" मामांनी विचारलं. ते कोरण्यांकडे पाहत होते.

"नाही अजून," मामी म्हणाली, आणि थेंब पदरानं टिपला.