नव्वाराची सवत

अलेक्झांड्रियातल्या इब्राहिमियाच्या ट्रामलायनीमागच्या गल्लीत इन्शिराहचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. मरायला टेकलेलं कुत्रं तिच्या अंगणात आलं की महिन्या-दोन महिन्यांत उठून उभं राहायचं, ही एक. आणि दुसऱ्या कुणाचं कौतुक झालेलं तिला अजिबात खपायचं नाही, ही दुसरी. सोडवून आणलेली कुत्री लोकांच्या घरी बरी व्हायला ठेवणारी डॉक्टर रीहाम एकदा सहज बोलून गेली, की सीदी बिश्र भागातली तहानीही कुत्री फार छान सांभाळते. झालं! इन्शिराहच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तहानीकडे जातात ती आजारी असतात का गं? नुसती भुकेली असतात. भुकेल्याला काय, कुणीही पोसेल. खरुजलेली, पू झालेली, हाडं वर आलेली माझ्याकडे. आणि फोटो मात्र तहानीचे!"

"तांत इन्शिराह, तुम्हीच फोटो काढू देत नाही," रीहाम म्हणाली. तांत म्हणजे मावशी.

"मागितला कुणी?"

इन्शिराहची उमेदीची वर्षं सरकारी इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली होती. रक्ता-पुवाच्या चादरी उपसून उपसून किळस नावाची गोष्ट तिच्या अंगातून निघूनच गेली होती. मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं पहिलं कुत्रं आणलं, तेव्हा तिचा नवरा मितवल्ली दारातच आडवा आला होता. मितवल्लीची हयात ट्राममध्ये तिकिटं फाडण्यात गेलेली. पाच वेळचा नमाज कधी न चुकवणारा माणूस. कुत्र्याची लाळ लागली की हात सात वेळा धुवायचा, त्यातल्या एका वेळी मातीनं, असं त्याच्या घराण्यात चालत आलेलं. शेवटी तह झाला. कुत्री अंगणात राहतील, खोलीचा उंबरा ओलांडणार नाहीत. नमाजाचा पांढरा झगा उंच खुंटीवर. आणि अंगणातल्या नळाशेजारी स्वच्छ मातीची एक कुंडी, चुकून लाळ लागलीच तर असावी म्हणून.

"माझा तुझ्या कुत्र्यांशी काही संबंध नाही, बाई," त्यानं बजावलं होतं. तो बायकोला 'बाई' म्हणायचा. लग्नाच्या नव्या नवलाईत नावानं हाक मारत असे. ते नाव कुठे गळून पडलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तह वर्षानुवर्षं टिकला. कुंडीतली माती सुकून दगड झाली होती.

मग ती पिवळी कुत्री आली. कुणीतरी तिला लहानपणी हौसेनं गच्चीवर नेऊन बांधलं आणि विसरून गेलं. ती वाढली, गळ्यातली साखळी वाढली नाही. रीहामनं ती कापून काढली तेव्हा मानेभोवती बोटभर खोल जखम होती. उभं राहता येत नव्हतं. माणूस जवळ आला की ती डोळे मिटून घ्यायची, जणू आता जे काय व्हायचं ते होऊन जाऊ दे.

इन्शिराहनं तिच्यासाठी जिवाचं रान केलं. उपाशी जिवाला एकदम पोटभर घातलं तर तो त्यानंच मरतो, म्हणून कोंबडीचे पाय उकळून त्याचं कोमट पाणी चमच्यानं. बिनमिठाचं. थोड्या वेळानं पुन्हा. मग त्यात मऊ भात. सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, मलम लावायचं, फुंकर घालायची. अलेक्झांड्रियात थंडीतली वादळं सुरू झाली होती, समुद्रावरचा पाऊस आडवा येत होता. तिनं अंगणाच्या कोपऱ्यात पत्रा टाकला, स्वतःची जुनी गोधडी अंथरली आणि पाठ धरली तरी तिच्याशेजारी बसून राहिली. नाव मात्र ठेवलं नाही. तो तिचा नियम होता. नाव ठेवायचं ते कायमच्या घरानं. आपण नाव ठेवलं की आपलं मन अडकतं आणि कुत्र्याचंही.

एके दिवशी कुत्री चार पायांवर उभी राहिली. इन्शिराहचा ऊर भरून आला. आणि तेवढ्यात कॉफीच्या दुकानातून मितवल्ली घरी आला. त्याचा तो जाड निळा ट्रामचा कोट, खोकत खोकत दार लोटणं. कुत्रीनं कान टवकारले आणि आयुष्यात पहिल्यांदा शेपटी हलवली.

त्याच्याकडे बघून!

"हे काय?" इन्शिराह म्हणाली.

"मला काय विचारतेस? तुझी कुत्री," मितवल्ली म्हणाला आणि उंबरा ओलांडून आत गेला. कुत्री बंद दाराकडे बघत उभी राहिली. इन्शिराहच्या हातातला चमचा तसाच राहिला.

त्या दिवसापासून तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. कुत्री तिच्या हातचं खायची, मलम लावू द्यायची, पण तिचे कान दाराकडे. ट्रामची घंटा झाली की उठून उभी. शेजारची सब्रीन वरच्या सज्ज्यातून कपडे वाळत घालता घालता सगळं बघत होती.

"इन्शिराह, तुझ्या नवऱ्यानं दुसरी केली वाटतं!" ती वरून ओरडली. "सवत देखणी आहे हो!"

"तुझे कपडे ठिबकतायत, ते बघ आधी!" इन्शिराह म्हणाली. पण शब्द काट्यासारखा रुतून बसला.

मितवल्ली शपथेवर सांगत होता की आपण त्या कुत्रीला बोटही लावलेलं नाही. मग एका सकाळी इन्शिराह नळावर हंडी घासायला बसली आणि तिची नजर कुंडीवर गेली. दगड झालेली माती भुसभुशीत झाली होती. ओली होती. काठापर्यंत भरलेली कुंडी आता निम्मी होती.

तिनं हात थांबवला. एखाद्या बाईला नवऱ्याच्या खिशात परका रुमाल सापडावा, तसं तिला झालं. म्हणजे हा माणूस रोज चोरून त्या कुत्रीला कुरवाळतो आणि रोज सात वेळा हात धुतो! संधिवात आहे म्हणून घरातला एक पेला विसळत नाही, आणि या थंडगार पाण्यात सात वेळा!

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला निघाल्याचं सोंग करून गेली आणि मागच्या बोळातून येऊन खिडकीआड उभी राहिली. मितवल्ली कोट पसरून ओल्या फरशीवर बसला होता. कुत्रीचं डोकं त्याच्या मांडीवर. हातात कागदात गुंडाळलेली तळलेली कलेजी.

"नव्वारा," तो म्हणत होता. "रात्री थंडी वाजली का गं? मला ऐकू येत होतं तुझं कण्हणं. मलाही झोप नव्हती. गुडघे ठणकत होते. कुणाला सांगायचं? हे घे, हळू खा. आवडलं? शाबास माझी नव्वारा."

नव्वारा म्हणजे फूल. नावही ठेवून मोकळा झाला होता.

इन्शिराह भिंतीला टेकली. तिला कुत्रीचा हेवा वाटला, हे खरं. नवऱ्याचा वाटला, तेही खरं. मरणाच्या दारातून हिला ओढून आणली मी, आणि शेपटी याला! पण सगळ्यात जास्त लागलं ते त्या आवाजाचं. थंडी वाजली का, हे त्यानं तिला शेवटचं कधी विचारलं होतं? त्याचे गुडघे रात्री ठणकतात हे तिला माहीत नव्हतं. एका पलंगावर झोपणाऱ्या बायकोला माहीत नाही आणि अंगणातल्या कुत्रीला माहीत!

मितवल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून ती तशीच उलट पावली कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि रीहामला फोन लावला.

"पिवळी बरी झाली. घर बघ तिला."

"तांत, इतक्यात? जखम अजून..."

"जखम मला कळते. घर बघ."

घर मिळालं ते शहराबाहेर किंग मरियूतला, मॅडम सुहैर नावाच्या विधवा बाईकडे. लिंबाची झाडं, मोठं आवार, बाई प्रेमळ. याहून चांगलं घर मिळणं शक्य नव्हतं, आणि इन्शिराहला तेवढंच पुरे होतं. कुत्री नव्या घरी जाते तेव्हा तिच्याबरोबर एक न धुतलेलं कापड द्यायचं, ज्या माणसावर तिचा जीव असेल त्याच्या अंगावरचं, ही रीहामची पद्धत होती. त्या वासाच्या आधारानं परक्या घरातले पहिले दिवस निघतात. आजवर दर खेपेला इन्शिराहचं कापड जात आलं होतं. तिनं डोक्याचा तपकिरी रुमाल सोडला आणि रीहामच्या पिशवीत कोंबला. मितवल्लीच्या निळ्या कोटाचा विचार तिनं मनातसुद्धा येऊ दिला नाही.

मितवल्ली दुपारी आला. कागदात काहीतरी गुंडाळलेलं होतं. अंगण रिकामं.

"गेली," इन्शिराह म्हणाली. "चांगलं घर आहे."

"बरं झालं," तो म्हणाला. "तुझीच कुत्री." मग त्यानं तो कागद भिंतीवर ठेवला, गल्लीतल्या मांजरांसाठी. संध्याकाळी तो कॉफीच्या दुकानात गेला नाही.

दोन-तीन दिवसांनी रीहामचा फोन आला. कुत्री खात नव्हती. पाणीही नावाला. फाटकापाशी बसून होती आणि पुन्हा डोळे मिटून घ्यायला लागली होती.

"तांत, कापड कुणाचं दिलंत?"

"माझं. दुसऱ्या कुणाचं असणार?"

"तिचा जीव तुमच्यावरच होता ना? नक्की? कारण हे असंच राहिलं तर ती जगायची नाही."

"माझ्यावरच," इन्शिराह म्हणाली आणि फोन ठेवून कोंबडीचे पाय उकळायला टाकले.

डबा घेऊन ती मायक्रोबसनं किंग मरियूतला गेली. वाटभर मनात एकच, की माझ्या हातून खाईल. खाल्लंच पाहिजे. कुत्री फाटकाशीच होती, पुन्हा बरगड्या दिसत होत्या. इन्शिराह चिखलात बसली, बोटांवर भात घेऊन पुढे केला. कुत्रीनं ते हुंगलं. तिचा हात एकदा चाटला, ओळख दिली, तेवढंच. मग मान तिरकी करून ती इन्शिराहच्या पाठीमागे, फाटकाबाहेर बघायला लागली. आणखी कुणी आलंय का, हे बघायला. इन्शिराहनंही, मूर्खासारखं, वळून बघितलं. रस्ता रिकामा होता.

मॅडम सुहैरनं घडी घातलेला तपकिरी रुमाल आणून दिला. "हा घेऊन जा, उम्म... माफ करा, नाव विसरले. ती यावर बसतच नाही."

परतीच्या वाटेवर तिला रडूही आलं नाही, नुसती चीड आली, स्वतःची. घरी पोचली तर मितवल्ली अंगणात नळावर हात धुत होता. मातीनं. आता कुत्री नाही, मग माती कशाला? मग तिला कोपऱ्यात पत्र्याखालची गोधडी दिसली. तिच्यावर माणूस बसल्याचा खळगा होता.

"तुझा कोट दे," ती म्हणाली.

"कशाला?"

हे एक वाक्य उच्चारणं तिला आजवरच्या सगळ्या खरजेपेक्षा, पुवापेक्षा जड गेलं. "नव्वारा खात नाहीये. मी माझा रुमाल पाठवला होता. चुकले. ती माझी नव्हती. तुझी होती."

नव्वारा हे नाव तिच्या तोंडून ऐकून मितवल्ली लाल झाला. चोरी पकडली गेलेला माणूस दुसरं काय करणार? त्यानं मुकाट्यानं अंगातला कोट काढला. आत नुसती विरलेली बंडी होती, आणि वारा सुटला होता.

"मीही येतो," तो म्हणाला.

"नको. तू दिसलास तर ती तिथे कधीच राहणार नाही." हे खरंच होतं, कुणालाही विचारा, हेच सांगेल. पण ते सांगताना तिला थोडं बरं वाटलं, हेही खरं होतं.

"मग घरी आणू."

"आणून ठेवायची कुठे? अंगणात, या वादळात? तिकडे तिला खोलीत घेतात, मितवल्ली. गादीवर."

तो खुंटीवरच्या पांढऱ्या झग्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जा. अंधार पडेल."

कोट जमिनीवर टाकताच कुत्री त्यात शिरली. बाहीत नाक खुपसलं, एक लांब श्वास सोडला आणि गोल होऊन पडली. बऱ्याच वेळानं मॅडम सुहैरनं भात पुढे केला, तेव्हा ती पडल्या पडल्या खाऊ लागली. हळूहळू, थांबत थांबत. सगळं संपवलं. इन्शिराह लांब लिंबाखाली उभी राहून बघत होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

घरी मितवल्ली दारातच बसला होता, बंडीवर, कुडकुडत.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"कुणाच्या हातून?"

"त्या बाईच्या."

त्याचा चेहरा वाकडा झाला. "मीठ घातलं असेल तिनं," तो म्हणाला. "श्रीमंतांना काय कळतं? आणि कलेजी? कलेजी देईल का ती? बघशील, चार दिवसांत पोट बिघडवून ठेवेल."

इन्शिराह त्याच्याकडे बघत राहिली. हा जळफळाट तिच्या ओळखीचा होता. अगदी आतून. तहानीच्या नावानं आपला चेहरा असाच होत असणार, हे तिला कळलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्या माणसाची कीव आली. तिनं पिशवीतून तो परत आलेला तपकिरी रुमाल काढला आणि त्याच्या खांद्यांवर टाकला.

मितवल्लीनं घाईघाईनं रुमालाचं टोक नाकाशी नेलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ह्याला तिचा वास नाही," तो म्हणाला.

"नाही. ती बसलीच नाही त्यावर. माझाच वास आहे तो. दे इकडे, दुसरं काहीतरी आणते."

तिनं हात पुढे केला. त्यानं रुमाल सोडला नाही. गळ्याभोवती नीट गुंडाळून घेतला.

"राहू दे, इन्शिराह," तो म्हणाला. "तुला थंडी वाजली असेल. आत चल."

ही हाक त्या कुत्रीनं ऐकायला हवी होती, असं इन्शिराहला फार वाटलं.