सोशिक? आमची हिरामावशी?

काकांचा, म्हणजे हिरामावशीच्या यजमानांचा, दौंडहून फोन आला तेव्हा मी यवतच्या शाळेत वह्या तपासत होते. "हिरा गेली गं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला... आठवड्याभरानं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एक गृहस्थ माईकवर म्हणाले, "ताई फार सोशिक होत्या. नवऱ्याला कामात मदत केली." मी जागेवरूनच ओरडले, "काहीतरीच काय!" आईनं चिमटा काढला. काढू दे. सोशिक म्हणे! आणि मदत? तिच्या कामाला जिवंतपणी कुणी तिचं म्हटलं नाही, मेल्यावर तरी म्हणाल की नाही?

नव्वदनंतर शिरूरकडं कारखाने आले, बंगले उठले. गच्चीवर एक दांडगा कूलर बसवायचा आणि तिथून पत्र्याच्या चौकोनी नळ्या, म्हणजे डक्ट, छताखालून खोल्याखोल्यांत न्यायचे, अशी टूम निघाली. काका पत्रा कापून डक्ट जोडायचे. मावशी मूळची शिलाईवाली. कूलर आणि डक्टच्या मधला कॅनव्हासचा गळा शिवता शिवता जोड बुजवायचं कामही तिनं अंगावर घेतलं. पहिल्याच घरी तिनं फडक्याच्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं चिकटवल्या. महिन्याभरात उंदरांनी सगळे जोड फस्त केले! काका कपाळाला हात लावून बसले, ही पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेली, सगळं खरवडलं आणि नीट सीलंट भरून आली. "चूक माझी हाय, तवा निस्तरणार बी मीच," म्हणाली.

तिथून पुढं हात असा बसला की विचारू नका. दर उन्हाळ्याच्या तोंडाला डक्टमधली धूळ काढायची, फाटका कॅनव्हास बदलायचा, पंखा लावून प्रत्येक जोडाशी उदबत्ती धरायची. धूर हलला की तिथं हवा गळतेय. वरवंडच्या एका बंगल्यात तिला मागच्या दारानं या म्हणाले. ती पुढच्या दारातच उभी. "तुमची हवा मागल्या दारानं येणार हाय का?" म्हणाली आणि शिडी घेऊन सरळ दिवाणखान्यातून आत गेली. तरी ठेकेदाराच्या तोंडी ती कायम 'मिस्त्रीची बायको'. मिस्त्री म्हणजे काका. आणि काका गप्प. मला त्यांचा तेव्हा फार राग यायचा, लपवत नाही.

शिरूरच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यावर तर कमालच झाली. मी तेव्हा शिरूरलाच डी.एड. करत होते, तिला भेटायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. दोन दिवसांवर वास्तुशांती. पीओपीवाले छत झाकायला आलेले. आणि शेवटच्या खोलीकडं जाणाऱ्या जोडाशी उदबत्तीचा धूर हलला. त्या खोलीत डॉक्टरांची आई राहणार होती, अंथरुणाला खिळलेली. ठेकेदार म्हणाला, "एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय? झाका."

"समदी हवा छतातच मुरंल. म्हातारीला वारा कुठनं मिळायचा?"

"मिस्त्री, बायकोला खाली घ्या तुमच्या."

"उतर की गं हिरे," काका पुटपुटले.

"मी उतरले की झाकत्याल. उतरत न्हाई."

"तालुक्यात परत काम मिळणार नाही!" ठेकेदार कडाडला.

"तालुका काय तुझ्या बापाचा हाय व्हय?"

दुपारची भाकरी तिनं शिडीवरच खाल्ली. शेवटी डॉक्टरच बंगल्यावर आले, त्यांनी वर चढून धूर पाहिला आणि पीओपीवाल्यांना थांबवलं. जोड बुजला. पण त्या ठेकेदारानं पुढं खरोखरच काम दिलं नाही. दोन वर्षं मावशी ट्रकच्या ताडपत्र्या शिवत राहिली, आणि एकदाही म्हणाली नाही की उतरायला हवं होतं. मग त्यानं गळके जोड तसेच झाकून टाकलेल्या घरांची छतं कूलरच्या दमट हवेनं ओल धरायला लागली, तशी माणसं तिचा पत्ता शोधत थेट दारात यायला लागली. तीही विचारायची, "मिस्त्री घरात आहेत का?"

मावशी-काकांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मृत्यूची नोंद करायला काकांसोबत मी गेले. कारकुनानं काही न विचारताच व्यवसायापुढं 'घरकाम' लिहिलं.

"खोडा ते," मी म्हटलं.

"अहो मॅडम, सगळ्याच बायकांचं असंच लिहितो आम्ही."

"म्हणूनच खोडा. डक्ट मिस्त्री लिहा."

"बाई आणि मिस्त्री? पुरावा काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात इतकी वर्षं गप्प राहिलेले काका काठी टेकत पुढं झाले.

"मी हाय पुरावा," ते म्हणाले. "मी निस्ता पत्रा जोडायचो, साहेब. मिस्त्री ती व्हती."

कारकुनानं खोडलं आणि वर लिहिलं. काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं, मगच सही केली.