बॅटरी काढल्यावर उघडलेले दिवे

बॅटरी माझ्या दोन्ही हातांत होती आणि गाडीचे दिवे उघडले.

उघडले म्हणजे पेटले नाहीत. या जुन्या स्पोर्ट्स कारचे हेडलाइट बॉनेटच्या आत मिटलेले असतात. स्विच दाबला की दोन छोट्या मोटरी फिरतात आणि दिवे वर येतात, डोळे उघडावेत तसे. आता बॅटरी काढली म्हणजे गाडीत करंट उरला नाही. तरी घर्रर्र आवाज झाला. आधी डावा दिवा वर आला, मग उजवा. उजेड नाही, काही नाही. नुसत्या दोन काचा माझ्याकडं बघत राहिल्या.

माझ्या मागं बाजेवर बसलेली म्हातारी अगदी सहज म्हणाली, "आला. बालाजी, ताटं घे बाबा."

मी बॅटरी खाली ठेवली. नळदुर्गला हायवेवर माझं वायरिंगचं दुकान आहे. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांचं काम करतो. करंटचा झटका मला नवा नाही. पण करंट नसताना काही हललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

बालाजी सकाळी दुकानावर आला होता. चाळिशीचा शेतकरी, मोबाइलमध्ये गाडीचा फोटो घेऊन.

"मिस्त्री, फॉरेनच्या गाडीचं वायरिंग करता का?"

"करंटला देश नसतोय. गाडी कुठंय?"

"सास्तूरला. शेतात, शेडमधी."

"चालू होत न्हाय का?"

"आपआप चालू होतीया. ते बंद करायचंय."

मी हसलो. तो हसला नाही. मग त्यानं सांगितलं. गाडी त्याच्या धाकट्या भावाची, महेशची. महेश पुण्यात नोकरीला होता. ही जुनी, दोन दरवाज्यांची गाडी त्यानं भंगाराच्या वाटेवर असताना घेतली आणि ट्रकवर टाकून गावी आणली. सुट्टीला आला की तिच्याखाली पडून असायचा. गेल्या पावसाळ्यात तो पुण्यात झोपेतच गेला. लग्नसुद्धा झालं नव्हतं.

"तवापासून आईनं अन्न सोडलं. मग एक दिवस सांजंला गाडीचं दिवं उघडलं. आई म्हणली, महेश आला. आन जेवली. आता रोज सांजंला उघडत्यात. उघडलं की जेवती. न्हाय उघडलं की पाणी पिऊन झोपती."

"न्हाय उघडलं असं कधी झालं?"

"सुरवातीला दोन-तीन दिस. मग अण्णा बहिणीकडं उदगीरला गेल्ते, तवाच. आई म्हणली, बाप घरी न्हाय म्हणून पोरगं आलं न्हाय."

वायरिंगवाल्यानं हे वाक्य कान देऊन ऐकायला हवं होतं. मी ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं.

"लोकं शेडपाशी गोळा व्हायलीत," बालाजी म्हणाला. "कुणी म्हणतंय देवऋषी आणा. डॉक्टर म्हणतोय असंच चाललं तर आई अंथरूण धरंल. एकदा बंद झालं की इसरंल ती, जेवंल. तेवढं करा."

त्याचं म्हणणं मला पटलं. पटायला नको होतं, पण ते नंतर.

शेड म्हणजे भूकंपानंतर मिळालेला पत्र्याचा निवारा. पक्कं घर झाल्यावर यांनी तो शेतात आणून उभा केला होता. एका भागात गाडी, पत्र्याच्या आडपडद्यापलीकडं कडबा आणि म्हैस. जमीन शेणानं सारवलेली. गाडीवर धुळीचा थर, पण दिव्यांच्या झाकणांवर धूळ नव्हती. ते बघून मला पहिल्यांदा कसंतरी वाटलं.

म्हातारे अण्णा दारात उभे होते. कमरेत वाकलेले, हातात विळा.

"अण्णा, काय वाटतंय तुमाला?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून ते म्हशीकडं गेले.

आपोआप चालू होणाऱ्या वस्तूच्या मागं बहुतेक वेळा रिले असतो. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आपण स्विच दाबतो तेव्हा थोडा करंट या डबीत जातो आणि ती मोठा करंट सोडते. ओल गेली की ती आतल्या आत चिकटते आणि कुणी न सांगता करंट सोडत बसते. मी दिव्यांचे रिले उपसून काढले. फ्यूज काढले. तारा उंदरांनी कुरतडलेल्या होत्या, त्या वेगळ्या केल्या. शेवटी खात्रीसाठी बॅटरीच उचलली. बाहेर दिवेलागण झाली होती. पुढं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी मी जेवायला थांबलो नाही. म्हातारी माझ्यासमोर भाकरी कुस्करत होती आणि गाडीकडं बघून बोलत होती. "वाळलास रं. पुण्यात काय खायला देत्यात का न्हाय?" बालाजी मान खाली घालून जेवत होता. गाडीचे दिवे तसेच उघडे. मी मोटरसायकलला किक मारली आणि हायवे लागेपर्यंत आरशात पाहिलं नाही.

रात्री झोप आली नाही. एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मोटर फिरली, म्हणजे करंट आला. गाडीत बॅटरी नव्हती, म्हणजे करंट बाहेरून आला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर परत गेलो. दिवे मिटलेले होते. "सकाळी आपआप मिटत्यात," बालाजी म्हणाला. मी मिटलेल्या दिव्यांकडं न बघता गाडीखाली शिरलो. जुन्या गाडीच्या तारा कडक होतात, वाकवल्या की कडकडतात. मोटरच्या तारांवरून बोट फिरवत गेलो, तर एक तार मऊ लागली. तिच्यावर ग्रीस आणि माती चोपडलेली होती, जुनी दिसावी म्हणून. पुसली तर लाल, दोन पदरी. विहिरीच्या मोटरला वापरतात तसली.

ती चाकामागून खाली उतरून जमिनीत गेली होती.

मी टॉर्च लावून सारवण बघितलं. टॉर्च आडवी धरली की खालीवर असलेलं दिसतं. हातभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्या जमिनीपेक्षा जरा ताजा होता. स्क्रू ड्रायव्हरनं उकरलं. तार पत्र्याखालून पलीकडं, कडब्यात. कडब्याच्या पेंढ्या सारल्या, तर मागं ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. आणि म्हैस बांधायच्या खांबाला, वैरणीच्या आड, विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण ठोकलेलं. मी ते दाबलं. आडपडद्यापलीकडं घर्रर्र झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा घर्रर्र, दिवे परत मिटले.

आता इथं थांबून विचार करायचा होता. म्हैस रोज सकाळ-सांजंला कोण पिळतं, एवढंच स्वतःला विचारायचं होतं. पण आदल्या संध्याकाळची भीती माझ्या अंगात होती आणि ती गेल्याचा आनंद तिच्यापेक्षा मोठा होता. मी ओरडलो, "बालाजी, सापडलं! भूत सापडलं तुमचं!"

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की काढलेला खराब तुकडा गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. जळलेली तार, फुटलेला फ्यूज, काहीही. म्हणजे त्याची खात्री पटते की आपण खरंच काही केलं. मी पक्कडीनं तार तोडली, जोड असलेला तुकडा घेतला, बाहेर आलो आणि म्हातारीच्या हातात ठेवला.

"हे बघा काकू. ह्या तारेनं उघडत होते. कुणीतरी मुद्दाम लावलीया. आता न्हाय उघडायचे."

तिनं तार उलटीसुलटी केली. जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि वरून सुतळीची गाठ, टोक आत दाबलेलं. ती ज्या बाजेवर बसली होती तिच्या दोऱ्यांना तीच गाठ होती. पोहऱ्याला तीच. फाटकालाही तीच.

तेवढ्यात अण्णा गवताचा भारा घेऊन आले. म्हातारीच्या हातातली तार बघून भारा डोक्यावरच राहिला.

"अण्णा, तुमी?" बालाजी म्हणाला.

म्हातारी म्हणाली, "म्हंजी रोज सांजंला तुमीच येत हुतात व्हय?"

"तू जेवत नव्हतीस," अण्णा म्हणाले.

"आन म्या त्याच्याशी काय काय बोलले. ते समदं तुमी ऐकलंत."

"म्हशीपाशी बसून ऐकलं."

ती उठून घरात गेली. दार लावून घेतलं. बालाजीनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी हत्यारं गोळा केली.

तिसऱ्या दिवशी बालाजीचा फोन आला. आई जेवत नाही, आणि आता अण्णाही जेवत नाहीत. "ती जेवल्याबिगर म्या न्हाय, असं म्हणून बसलेत," तो म्हणाला. "तुमाला काय दोष देत न्हाय मिस्त्री. म्याच बोलीवलं तुमाला." मी दुकान बंद केलं आणि निघालो. पिशवीत लाल तारेचं नवं बंडल घेतलं. दुसरं काय न्यावं ते सुचलं नाही.

पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. म्हातारा-म्हातारी शेडसमोर बसली होती, मध्ये एक ताट, झाकलेलं. बालाजी बाजूला उभा होता. गाडीचे दिवे मिटलेले. वाऱ्यानं पत्रा मधूनच करकरत होता आणि प्रत्येक वेळी चौघंही नकळत गाडीकडं बघत होतो.

"काकू, चूक माझी झाली," मी म्हणालो. "म्हणत असाल तर तार परत जोडून देतो."

"आता जोडून काय करू," ती म्हणाली. "बटणावर कुणाचं बोट हाय ते दिसतंय की मला." मग नवऱ्याकडं न बघता तिनं विचारलं, "आन पयल्या दिशी?"

अण्णांनी मान हलवली. "ते म्या न्हाय केलं. देवाशपथ न्हाय. पयल्या दिशी आपआप उघडलं, तू जेवलीस. दुसऱ्या दिशी न्हाय उघडलं. तिसऱ्या दिशी न्हाय. मग म्या तार टाकली. पोरानं दावली हुती मला कुठली तार ते, सुट्टीत."

ती माझ्याकडं वळली. "मिस्त्री, पयल्या दिशी कशानं उघडलं?"

मला पुन्हा शहाणपणा करायचा नव्हता आणि खोटंही बोलायचं नव्हतं. मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पाऊस होता, शेडमध्ये ओल असणार, गाडीची बॅटरी तेव्हा जागेवर होती. एखादा रिले चिकटला असेल. असं होतं.

"असंल," ती म्हणाली. "पर त्या दिशी त्याचा दहावा हुता. घाटावर पिंड ठिवला, कावळा शिवंना. लई बोलीवलं. दुपार टळली, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आन घरी आलो. आन सांजंला दिवं उघडलं. ओल तर म्हयनाभर हुती. त्याच सांजंला कसं?"

मी गाडीकडं बघितलं. मिटलेल्या झाकणांच्या फटींत अंधार होता. अण्णा आणि बालाजी दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते.

"ते मला न्हाय सांगता येणार काकू," मी म्हणालो.

मग तिनं ताटावरचं झाकण काढलं, भाकरी मोडली आणि अर्धी अण्णांच्या पुढं सारली.

"खावा. कावळा झालात वाळून."

अण्णा घास घेईपर्यंत तिनं घेतला नाही. त्यांनी घेतल्यावर घेतला.

गाडी अजून तिथंच आहे. म्हातारी दोन्ही वेळ जेवते, असं बालाजी सांगतो, आणि म्हातारा कडब्यात बसायच्या ऐवजी आता तिच्याशेजारी बसतो. मी मात्र स्वतःला पूर्ण माफ केलेलं नाही. ती जेवली ती माझ्या कामामुळं नाही, माझं काम झेलून जेवली. काढलेला तुकडा गिऱ्हाईकाला द्यायची रीत मी अजूनही पाळतो. फक्त आधी विचारतो, हे वायरिंग केलं कुणी, आणि तो माणूस घरात आहे का.