तिसऱ्या कुलपाचा धूर

शरदचंद्रांची परीक्षा रविवारी दुपारी होती आणि परीक्षक होती त्यांची मुलगी प्राची. अट साधी. आठ वर्षांच्या नातीला, राजसीला, एकट्याने अंबरनाथला न्यायचं, परीकथेवरचं नवीन संगीत नाटक दाखवायचं आणि धडपणे बदलापूरला मांजर्लीच्या घरी परत आणायचं. जमलं तर बाबांनी खुशाल बदलापुरात एकटं राहावं. नाही जमलं तर पुण्याला, प्राचीकडे. त्यांच्या पत्नीला, कुंदाबाईंना, जाऊन तीन महिने झाले होते. तेवढ्या काळात शरदचंद्र एकदाही रडले नव्हते, चिडले नव्हते, आणि चहाची दोन भांडी मात्र करपली होती. प्राचीला काळजी भांड्यांची नव्हती.

शरदचंद्र मोरिवलीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. अशा माणसाचं कर्तृत्व दिसत नाही, कारण काहीही न घडणं हेच त्याचं काम. दर महिन्याला ते गॅसगळतीची रंगीत तालीम घेत. भोंगा झाला की ओला रुमाल नाकाला, वाऱ्याला आडवं चालत मैदानात, तिथे रांग, मोजणी, आणि शेवटी वहीत नोंद.

नाटकातली राजकन्या सात कुलपांआड होती आणि दर कुलपाला एक गाणं होतं. राजसी खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. शरदचंद्रांनी आत शिरतानाच बाहेर पडायचे दरवाजे बघून ठेवले होते. त्यानंतर त्यांना बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तिसऱ्या कुलपाला राक्षस आला. आधी भोंगा वाजला, मग रंगमंचावरून पांढरा धूर खाली उतरला. शरदचंद्रांना भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हात मात्र कामाला लागले. बाटलीतलं पाणी त्यांनी रुमालावर ओतलं, रुमाल राजसीच्या नाकावर धरला आणि तिला उठवलं.

"आजोबा, तो खोटा धूर आहे."

"पळायचं नाही. चालायचं."

एवढ्यावर निभावलं असतं. पण दोन रांगा मागे मोरिवलीच्या बनूबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याच कारखान्यात वीस वर्षं झाडलोट केलेली. साहेब ओला रुमाल घेऊन निघाले म्हटल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला आणि सुनेला ओढत त्याही निघाल्या. तिकडच्या माणसांना अशा वेळी कारण विचारायची सवय नाही. कारण दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. बघता बघता आणखी दोन रांगा उठल्या. राक्षस गातच राहिला.

पार्किंगमध्ये रांग लागली. शरदचंद्रांनी मोजणी केली. तेवीस.

"कुठं सुटलाय गॅस, साहेब?" बनूबाईंनी पदराआडून विचारलं.

"नाटकातला होता," राजसी म्हणाली.

बनूबाईंनी पदर खाली घेतला. "मी बोल्ले, साहेब उठले म्हनजे कायतरी असंलच." मग मागे वळून बघत म्हणाल्या, "आन तुमच्या बाई? बाई आतच ऱ्हायल्या का?"

शरदचंद्रांनी दरवाजाकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ती आधीच बाहेर पडली."

"बरं झालं," बनूबाई म्हणाल्या.

तेवीसच्या तेवीस माणसं पुन्हा आत गेली आणि उरलेली चार कुलपं बघून घरी परतली.

येताना रिक्षात राजसीने तह मांडला. "आईला मी नाही सांगणार. तुम्ही पण नाही सांगायचं. डन?"

शरदचंद्र बाहेर बघत होते.

दार प्राचीने उघडलं. "कसं झालं?"

"मस्त."

"काही झालं नाही ना?"

"काहीच नाही," राजसी म्हणाली.

शरदचंद्रांनी चपला काढून जागेवर लावल्या. "एक घटना घडली," ते म्हणाले. "पाच वाजून दहा मिनिटांनी. तेवीस माणसं बाहेर काढली. गरज नव्हती. चूक माझी."

सगळं ऐकून प्राची खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुमची बॅग मी भरते."

"बरं."

प्राची आत गेल्यावर राजसी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सांगायची काय गरज होती?"

"नोंद करावी लागते."

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

"ती राजकन्या शेवटी सुटली का गं?" शरदचंद्रांनी विचारलं.

"तुम्ही शेजारीच तर बसला होतात."

"हो," ते म्हणाले. "बसलो होतो."